बंदूकटाकं

मंडळी, वाकून या, आणि या पाण्यात हात घालू नका. तांबूस दिसतं ते मातीमुळे नव्हे, गंजामुळे. किल्ल्यावरच्या शिबंदीसाठी गुहेत खोदलेलं हे टाकं. याच्या तळाशी गाडाभर बंदुका पडून आहेत, असं सांगतात. आम्ही कुसरगावकर याला बंदूकटाकं म्हणतो.

खालच्या माळावरची पलटण मोडली, तेव्हा छावणीतल्या जुन्या बंदुका लिलावात निघाल्या. विसाजी कासार नावाच्या व्यापाऱ्यानं त्या घेतल्या. पितळी साज काढून वितळवायचा, लोखंड लोहारांना विकायचं, असा त्याचा बेत होता. पण पुसता पुसता एकेकीची घडण त्याच्या नजरेत भरत गेली. एकीच्या दस्त्यावर हस्तिदंती वेल, दुसरीच्या नळीवर चांदीची मासोळी. वितळवणं राहूनच गेलं. उलट कुठे जुनी बंदूक असल्याचं कानावर आलं, की तो जाऊन ती घेऊन येई. या गुहेला त्यानं सागवानी दार बसवलं आणि सगळा संग्रह भिंतीला लावून उभा केला. त्यातल्या काही ठासलेल्या असणार, हे त्याला कळत होतं. पण दारू उकरून काढताना नळी ओरखडते, म्हणून त्यानं कधी हात लावला नाही म्हणे.

एका चैत्रात गावची तान्हूबाई इथे गुहेत त्याच्याकडे आली. तिचे वडील रखमाजी त्या पलटणीत शिपाई होते. पलटण मोडली तेव्हा त्यांची बंदूक काढून घेतली, आणि त्या हायेनंच ते गेले.

"शेट, दस्त्याला तांब्याची पट्टी ठोकलेली आहे, ती माझ्या बाची," तान्हूबाई म्हणाली. "खंडेनवमीला पुजायला द्या."

विसाजीनं ती शोधून दाखवली, पण हातात दिली नाही. "इथली वस्तू बाहेर जात नाही, बाई."

ती हटेना. दोघं बोलत असतानाच डोंगराला वणवा लागला. वाळलं गवत पेटत वर आलं आणि पायवाट बंद झाली. विसाजीनं घाईनं दार लावून घेतलं. थोड्याच वेळात दारच पेटलं. धूर कोंडला, ठिणग्या आत उडू लागल्या. एक ठिणगी कुठल्याशा बंदुकीच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, पडली आणि बार आपोआप उडाला. गोळी कातळावर आपटून दोघांच्या मधून गेली.

"भरलेल्या आहेत? कुठल्या?"

"ठाऊक नाही."

बाहेर आग, आत बंदुका. तान्हूबाईनं हाताला लागली ती उचलली आणि टाक्यात फेकली. विसाजी ओरडला म्हणे, कुणी पोटच्या पोराला हात लावावा तसा. तेवढ्यात दुसरा बार झाला. मग त्यानंही एक उचलली. हस्तिदंती वेलाची गेली, चांदीच्या मासोळीची गेली. भिंत मोकळी होत गेली आणि तो हुंदके देत फेकत राहिला. शेवटी उष्मा सोसवेना, तेव्हा दोघं गळ्याएवढ्या पाण्यात उतरली. पायाखाली नळ्या सरकत होत्या.

विसाजीच्या हातात एकच उरली होती, तांब्याच्या पट्टीची. पाणी लागू नये म्हणून त्यानं ती वर धरली होती.

"तीही टाका, शेट," तान्हूबाई म्हणाली.

"ही माझी नाही. ही तुमची. धरा."

कुणालाही वस्तू रीतीनं द्यावी तसा त्यानं दस्ता तिच्याकडे केला. नळीचं तोंड त्याच्याकडे होतं. तिनं हात पुढे केला, तोच जळत्या दाराची फळी कोसळली आणि ठिणग्यांचा लोट आत आला.

रखमाजीनं बंदूक ठासलेलीच सोपवली होती.

आग ओसरल्यावर गावकरी वर आले. तान्हूबाई पाण्यातच उभी होती, विसाजीचं डोकं आपल्या खांद्यावर धरून. बंदूक तिनं तळाशी जाऊ दिली होती. "त्यांनी ती मला दिली," एवढंच ती सांगत राहिली. विसाजीच्या मागे कुणी नव्हतं. अग्नी तिनंच दिला.

आजही खंडेनवमीला आमच्या गावात बंदुकीच्या नळीत आधी पाणी ओततात. ते कानातून ठिबकलं, मगच हळदकुंकू. तान्हूबाईच्या घरात मात्र हत्यार पुजत नाहीत. तिथं त्या दिवशी पहिलं पान विसाजी कासाराचं वाढतात, आणि त्याचं जेवण झालं असं मानून घरातली थोरली बाई उठेपर्यंत कुणी घास उचलत नाही.