मंदरा सुईण आणि अंबाडीचा पूल

फार पूर्वी वेणुपट्टण नावाच्या लहानशा नगरात राजा ऋक्षसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य म्हणून जन्माला आला होता. त्याचे नाव सोमदत्त.

नगराच्या कडेला खोल दरीतून नदी वाहत असे आणि तिच्यावर दोराचा पूल होता. चाल अशी होती की दरवर्षी प्रत्येक घराने अंबाडीच्या सालीपासून काढलेल्या नव्या वाखाचा एक पेड वळून द्यायचा. राजवाडाही त्यातून सुटलेला नव्हता. आपला पेड ओळखू यावा म्हणून प्रत्येक घर त्याचे टोक आपापल्या रंगात बुडवी. मग भद्रक नावाचा म्हातारा ते सगळे पेड एकत्र पिळून पुलाचा जाड दोर करी. पूल तयार झाला की अमात्याने धान्याचे पोते पाठीवर घेऊन तो आधी ओलांडायचा, मग इतरांनी.

एका वर्षी पूल तुटला. पलीकडच्या तीरावर एक बाई अडली होती, म्हणून घाईने निघालेली मंदरा सुईण दरीत पडून मेली. नगरातल्या निम्म्या लोकांची नाळ तिनेच कापली होती. लोक खूप रडले. रडून झाल्यावर हे कोणाच्या माथी मारायचे ते शोधू लागले, आणि भद्रक त्यांना आयताच सापडला.

"दोर यानेच वळला, महाराज! याला त्याच दरीत ढकला!" सभेत लोक ओरडले. राजाने मान डोलावली. म्हातारा हात जोडून उभा राहिला.

सोमदत्ताची मान केव्हाची खाली होती. तो उठला आणि म्हणाला, "महाराज, आधी तो दोर इथे मागवा."

दोर आला. सोमदत्ताने त्याचा पीळ सोडवला, पिवळ्या टोकाचा पेड काढला आणि सुरीने चिरला. वरून नवा वाख गुंडाळलेला, आत गेल्या वर्षीचा, कुजून काळा पडलेला.

"हा माझ्या घरचा. नोकरांनी वळला, मी पाहिलाही नाही. आणखी सांगतो. यंदा माझ्या अंगावर नवे रेशमी वस्त्र होते, म्हणून पोत्याऐवजी मी फुलांची परडी घेऊन पूल ओलांडला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. पोते घेतले असते तर पूल माझ्या पायाखाली तुटला असता. महाराज, ढकलायचेच असेल तर मला ढकला."

मग सर्वांत मोठ्याने ओरडलेली रेवा कुंभारीण पुढे आली. "निळा माझा," ती पुटपुटली. "मला वाटलं, एवढ्या पेडांत माझा एक जुना असला तर काय बिघडतंय?"

तिच्यामागून एकेक जण उठला. प्रत्येकाला तेच वाटले होते. आपला पेड चिरताना कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

"पेड हाताला हलके लागले होते," भद्रक रडत म्हणाला. "पण राजवाड्याचा पेड कुजका कसा म्हणू? म्हणून गप्प बसलो."

तांबड्या टोकाचा पेड तेवढा उरला होता. त्याला हात लावायला कोणी धजेना. राजा सिंहासनावरून उतरला, त्याने तो स्वतः चिरला आणि तोंड झाकून घेतले.

राजासह सगळे नगर मंदरेच्या मुलीच्या, उत्पलेच्या, दारी क्षमा मागायला गेले. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "सगळ्यांनी मिळून मारलंत, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच आलं, असं समजू नका. माझी आई पुरती गेली."

लोक शरमून जमिनीकडे पाहत राहिले.

भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात सांगितली, तेव्हा कोपऱ्यातल्या कुटीत एक आजारी भिक्षू तहानेने मरण पावला होता. पाणी दुसऱ्या कोणी दिले असेल, असे प्रत्येकाला वाटले होते, आणि आता सगळे मिळून पाणक्याला बोल लावीत होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रक म्हणजे हा पाणक्या. राजा म्हणजे समोर बसलेला तुमचा स्थविर. सोमदत्त मीच होतो. नगरजन कोण होते, ते तुम्ही ओळखलेच आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी जी आपला दोष आपल्याला बोलायला लावते, तिला लज्जा म्हणतात."