फळीची उघडी पाठ

लाकडं माणसांशी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. निवृत्ती आणि त्याची बायको द्वारका घरीच जेवणाचं टेबल बनवत होती. आंब्याची रुंद फळी तयार होती. तिच्यावर चिकटवायला सागाचं साधं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, घ्यायचं ठरलं होतं. पण निवृत्ती भाळला शिसवीच्या पातळ, देखण्या व्हिनियरवर. ते एकाच बाजूला पुरेल एवढं होतं.

"आणि माझी पाठ?" फळीने विचारलं.

"तुझी पाठ कोण बघतंय?" शिसवीचं व्हिनियर हसलं. "पाहुणे काय टेबलाखाली बसून जेवणार आहेत?"

फळी संतापली. "सगळ्या घराची ताटं मी अंगावर घ्यायची, आणि मला नटवायचं ते फक्त पाहुण्यांपुरतं? अहो, सागाचं लावा, पण दोन्ही अंगांना लावा. एकीकडूनच झाकलेली फळी वाकते."

"रुसू नकोस गं," म्हणत निवृत्तीने शिसवीचंच चिकटवलं.

थोड्याच दिवसांत उघड्या पाठीने ओल धरली. फळी फुगली, कडा वर आल्या, टेबल परातीसारखं खोलगट झालं. जेवताना द्वारकाच्या सासऱ्यांची आमटीची वाटी कलंडली.

"माझ्या कडा सुटायला लागल्या!" व्हिनियर ओरडलं. "अगं, धर मला!"

"कशी धरू?" फळी कडाडली. "मला कोणी धरलंय?"

द्वारका ताटावरून उठली. तिने वाकून टेबलाखाली हात घातला. लाकूड गार आणि दमट लागलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आधी हिची पाठ झाकू. मग जेवू."