पाखरीची डावी दोरी

जत्रेच्या आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. देवळात पुजारी प्रसाद देईल तेव्हा माझी सहा वर्षांची मुलगी कोणता हात पुढे करील, एवढीच ती काळजी होती.

ऋजुता डावरी आहे. डावखुरेपणावर मी इतकं वाचलंय की त्यावर व्याख्यान देऊ शकेन. हात बदलायला लावू नये, का लावू नये, सगळं तोंडपाठ आहे. आणि तरी रोज सकाळी तिच्या डाव्या हातातला चमचा मीच हळूच उजव्या हातात सरकवते. तोही हसतमुखाने, तिच्या मनावर परिणाम नको म्हणून. सासूबाई निदान सरळ बोलतात. संक्रांतीला ऋजूने शेजारच्या काकूंना डाव्या हाताने तिळगूळ दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू नाही शिकवलंस तर लोक शिकवतील." आता सगळं घर कुलदैवताला निघालं होतं, ऋजूला घेऊन पहिल्यांदाच. लोक म्हणजे तिथे भरपूर असणार होते.

पाखरवाडीचा खंडोबा टेकडीवर आहे. पायथ्याशी, जिथून पायऱ्या सुरू होतात तिथे, एक दगडी घोडी उभी आहे. तिचं अंग सरळ देवळाकडे, पण मान डावीकडे वळलेली, मागून कोणी हाक मारावी तशी. तोंडात खराखुरा लगाम आहे. लाल-पिवळ्या सुताच्या दोन दोऱ्या आणि त्यांच्यावर बोराएवढ्या गोल गाठींची ओळ. नीट पाहिलं तर दिसतं की उजव्या दोरीवरच्या गाठींचा पीळ एकीकडे जातो आणि डाव्या दोरीवरच्यांचा दुसरीकडे, आरशात पाहिल्यासारखा. मी अर्थातच नीट पाहिलं नव्हतं. मी ऋजूचा डावा हात घट्ट धरून उभी होते आणि मुलांचा हात धरून चालण्याची पद्धत किती सोयीची आहे, याचा विचार करत होते.

घोडीशेजारच्या चौथऱ्यावर येसूतात्या बसले होते. देवाचे लगाम करणाऱ्यांपैकी ते आता गावातले सगळ्यांत जुने. पायाच्या अंगठ्याला सूत अडकवून त्यांचं विणणं चाललं होतं. माझ्या नवऱ्याने घोडीकडे बघत विचारलं, मान अशी वाकडी का, घडवणाऱ्याची चूक झाली का.

"वाकडी न्हाई, वळल्याली हाय," तात्या म्हणाले. "बसा पाव्हणं. वर जायची घाई देवाला न्हाई, तुम्हालाच हाय."

आम्ही बसलो, आणि त्यांनी जे सांगितलं ते असं.

फार पूर्वी या गावात राखमाजी नावाचा लगाम करणारा राहत असे. त्याचा हात असा होता की घोडा घ्यायच्या आधी लोक त्याचा लगाम घेऊन ठेवत, असं सांगतात. त्या काळी देवाला नवसाची एक जिवंत घोडी होती, पाखरी. चंपाषष्ठीला तिला नवा लगाम चढवायचा, दोऱ्या खोगिराला बांधायच्या, आणि मग कोणी हात लावायचा नाही. तिने आपली आपण पायऱ्या चढून देवापुढे जायचं. ती पोचली की भंडारा उधळायचा. जत्रा म्हणजे एवढंच, आणि एवढ्यासाठी पंचक्रोशी लोटायची.

देवाचा लगाम आधी साधा असे. राखमाजीला ते बरं वाटेना. त्याने पेडांवर पेड घेऊन एक नवी गाठ बसवली, बोरासारखी गोल, तिला बोरगाठ म्हणू लागले. दोन्ही दोऱ्या बोरगाठींनी भरून त्याने त्या देवाला वाहिल्या. गाव बघत राहिलं. आणि त्याच वर्षी पाखरी पायऱ्यांशी आली, उजवीकडे वळली, गल्लीत शिरली आणि गूळ विकणाऱ्याच्या दारात जाऊन परातीतला गूळ खाऊ लागली.

त्या वर्षी लोक हसले. पुढच्या वर्षी पाखरी पुन्हा तिथेच गेली, तेव्हा कमी हसले. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी हसलं नाही. राखमाजीला वाटलं, आपलीच सेवा कमी पडते; म्हणून तो दर वर्षी आणखी गाठी घालत गेला. पाखरी दर वर्षी आणखी लवकर वळत गेली. शेवटी गावकीने ठरवलं की यंदा घोडी वर गेली नाही तर तो देवाचा नकार समजायचा. जत्रा बंद, आणि पाखरीला रानात सोडून द्यायचं.

राखमाजीला एकच लेक होती, ठकू. तिला लगाम शिकायचा होता. बापाची ना नव्हती. तो तिला शेजारी बसवून शिकवायचा. पण ठकू डावरी. बाप दाखवील तसं ती करायला जाई, तर पेड भलत्याच पेडाखालून निघे आणि गाठ हातातच सुटे. बापाने तिचा डावा हात परकराच्या नाडीत खोचून पाहिला. त्याने गाठ तर आली नाहीच, परकर मात्र सुटला. शेवटी तो म्हणाला, तुझ्या हाताला हे यायचं नाही. तू आपली शेळी राख.

ठकू शेळीचं दावं धरून समोरच्या उंबऱ्यावर बसू लागली. बापाच्या बरोब्बर समोर. त्याचा उजवा हात हलला की इकडे तिचा डावा हलायचा. पाण्यात बघून पाण्यातल्यासारखं करावं तसं. टाकाऊ सुताच्या तुकड्यांवर तिची पहिली बोरगाठ बसली, आणि ती सुटेना. सगळ्या गाठी उलट्या अंगाच्या, पण दगडासारख्या घट्ट. बापाने पाहिलं, हसला, आणि तो पट्टा शेळीच्या गळ्यात बांधून टाकला. गावात सगळ्यांत देखणा गळपट्टा त्या शेळीचा होता, म्हणे, आणि तिला ते चांगलंच माहीत होतं.

त्या वर्षी देवाचा लगाम करताना राखमाजीने जीव ओतला. त्याने एक गाठ घातली की समोर उंबऱ्यावर ठकू एक घालायची. त्याच्या दोऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हा तिचीही एक दोरी पुरी झालेली होती. जत्रेच्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही दोऱ्या ओट्यावर मांडल्या, अंघोळीला गेला, आणि परत येऊन बघतो तो डावी दोरी शेळीच्या तोंडात. गोंडा तेवढा बाहेर राहिला होता.

पाखरी दारात उभी, हलगी वाजायला लागलेली, नवी दोरी विणायला वेळ नाही. ठकूने आपली दोरी पुढे धरली. राखमाजीने हात मागे घेतला.

"देवाला डाव्या हातचं कसं द्यायचं गं?" तो म्हणाला.

ठकू म्हणाली, "बा, भंडाऱ्याची वाटी देवानं कुठल्या हातात धरलीया?"

राखमाजीने मूर्ती जन्मभर पाहिली होती. तरी तो धावत टेकडी चढून गेला, असं सांगतात, आणि देवापुढे उभा राहून त्याने आपल्या बोटांनी खात्री केली. एका उजव्या हातात तलवार होती. हळदीची वाटी मात्र, जिच्यातला भंडारा उभं गाव कपाळाला लावतं, ती डाव्या हातात होती. तो खाली आला आणि ठकूची दोरी त्याने पाखरीच्या डाव्या अंगाला स्वतः बांधली.

पाखरी पायऱ्यांशी आली. गूळवाला, म्हणे, परात झाकायच्या तयारीने दारात उभाच होता. पण तिने तिकडे मान केली नाही. ना उजवीकडे, ना डावीकडे. सरळ वर निघाली, आणि तिच्यामागून हळदीचा पिवळा ढग टेकडीवर चढत गेला. गूळवाल्याला इतका आनंद झाला की त्याने परातीतला गूळ आपणहून वाटून टाकला. मग राखमाजीने दोन्ही दोऱ्या हातांवर घेऊन पाहिल्या. त्याच्या दोन दोऱ्यांचा पीळ एकाच अंगाचा असे, ताण आला की दोन्ही मिळून घोडीला उजवीकडे ओढत. आता एक दोरी इकडे वळत होती, एक तिकडे, आणि दोघी मिळून घोडीचं तोंड मधोमध धरत होत्या.

पुढे पाखरी म्हातारी होऊन गेली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गावाने तिची दगडी मूर्त घडवली, मान सरळ ठेवून. ठकूही तोवर म्हातारी झाली होती. मूर्त बसवली त्या दिवशी ती येऊन डाव्या अंगाला, जिथे उभी राहून दर वर्षी दोरी बांधायची त्या जागी बसली. लोक वर देवाला जाऊन परत आले, तो पाखरीने मान वळवून तिच्याकडे पाहिलेलं. ती मान तशीच राहिली.

"आजही," तात्या म्हणाले, "हितं लगामाला दोघं बसत्यात, समोरासमोर. उजवी दोरी उजव्याची, डावी डावऱ्याची. आन् डावी दोरी करील त्याला भंडारा डाव्या हातावर मिळतो, आजही." मग त्यांनी मांडीवरची दोरी उचलून दाखवली. गावातली डावरी मुलगी यंदा शिकायला नाशिकला गेली होती, तिला सुट्टी मिळाली नव्हती. जाण्याआधी दोरी विणून ठेवून गेली. शेवटची गाठ जत्रेच्या दिवशीच घालायची, म्हणून तेवढ्यापुरतं सूत मोकळं होतं. "तुमच्यात हाय का कुणी डावरं?"

मी ऋजूचा हात आणखी घट्ट धरला. का धरला, ते मला आजही सांगता येणार नाही. इतकं वाचून शेवटी मी हात लपवला. बोलल्या त्या सासूबाई.

"आमची आहे की," त्या म्हणाल्या, अशा आवाजात की जणू गेली सहा वर्षं त्या याच प्रश्नाची वाट बघत होत्या. "जा गं ऋजू. घरात कशाला हात लावायची ठेवत नाहीस, इथे लाजतेस होय?"

ऋजू गेली. तात्यांनी तिला समोर बसवलं, मांडीवर वेगळं सूत घेतलं आणि सावकाश एकेक पेड फिरवून दाखवू लागले. मी काळजीने तिच्या शेजारी जाऊन बसले आणि अर्थातच सांगू लागले, अगं इकडून, नाही, तिकडून घे. गाठ सुटली. पुन्हा सुटली. तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमी राखमाजीच्या जागी बसलाय," ते म्हणाले. "समोर या."

मी उठून तात्यांच्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी मलाही दोन पेड दिले, गप्प बसवायला असावेत. समोर ऋजूची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, अक्षर गिरवताना येते तशी, फक्त आता तिला हात बघून बघून हलवावा लागत नव्हता. पेड खालून आला, वर गेला, वळसा घेऊन आत शिरला. तिने दोन्ही टोकं ओढली आणि बोर बसलं. थोडं लांबट, पण बसलं. सासूबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून ते दाखवायला सुरुवात केली. माझ्या मांडीवरही, मला न कळत, एक गाठ झाली होती.

ऋजूने आधी तिची पाहिली. मग वाकून माझी पाहिली, बोट लावून, अगदी आमच्या घरी गृहपाठ तपासतात तशी.

"आई, तुझी उलटी आली," ती म्हणाली. "असू दे. ती दुसऱ्या बाजूला लागेल."