कारभाऱ्याच्या कुत्र्याचा न्याय

फार जुन्या काळी, ज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका गावात एक म्हातारी माळीण राहत होती. तिच्या परसात मोगऱ्याचे चार वाफे होते. पहाटे फुलं खुडून ती देवळात देई आणि त्याबदल्यात गाव तिला धान्य देई. फुलं देवाची, म्हणून उभ्या जन्मात तिने त्यांचा वास घेतला नव्हता. खुडताना ती नाकाला पदर लावायची.

शेजारी गावचा कारभारी राहत होता. त्याच्या अंगणात रोज सडा-रांगोळी होई. ती खराब होऊ नये म्हणून तो रोज सकाळी आपल्या कुत्र्याला दोरी बांधून थेट मोगऱ्याच्या वाफ्यात आणून उभा करी. कुत्रा आपलं काम उरके. मग दोघे घरी जात.

माळीण हात जोडून म्हणाली, "कारभारी, देवाची फुलं आहेत ही. त्याला जरा पलीकडे माळावर न्या की."

कारभारी हसला. "अगं मावशी, मुकं जनावर ते. त्याला काय कळतं? उलट फुकट खत मिळतंय तुला!"

भोवतीचे लोकही हसले. कारभाऱ्याच्या विनोदाला हसायची गावाला सवयच होती.

माळणीला खोटेपणा जमेना. तिने पुजाऱ्याला खरं सांगितलं. पुजाऱ्याने टोपली परत केली. रोज तेच होऊ लागलं. देवळातली फुलं थांबली, तसं गावाने तिचं धान्यही थांबवलं.

शेवटी पारावर पंच बसले. वाफा कुणी घाण केला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दोरी कुणाच्या हातात होती, हेही पाहिलं होतं. पंचांनी कारभाऱ्याकडे पाहिलं, कारभाऱ्याने पंचांकडे पाहिलं आणि निकाल लागला. "गुन्हेगार कुत्रा आहे. त्याला नदीपार हाकला."

कुत्रा म्हणाला, "पंचहो, दोरी नेईल तिकडे मी गेलो. एकदा दोरीचं दुसरं टोक तरी बघा."

"वर तोंड करून बोलतोस?" पंच ओरडले. लोकांनी दगड मारत त्याला नदीपार घालवलं.

जाताना कुत्र्याने माळणीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. आपले वाफे वाचले, एवढंच तिला पुरेसं होतं.

आठच दिवसांनी कारभारी पुन्हा आला. कुत्रा नवा होता. दोरी तीच होती, वाफाही तोच.

माळीण धावत पारावर गेली. "आता तरी खरा दोषी कोण ते सांगा!"

पंच म्हणाले, "का गं मावशी? मागच्या खेपेला तर तुला निकाल पटला होता."

माळीण तशीच मागे फिरली. घरी येऊन तिने एकेक झुडूप मुळासकट उपटलं. शेवटच्या झुडपावर एकच फूल होतं. आता ते देवाचं उरलं नव्हतं. तिने नाकावरचा पदर काढला आणि जन्मात पहिल्यांदा मोगऱ्याचा वास घेतला.

त्याला नुसता कुत्र्याचा दर्प येत होता.

तात्पर्य: दोरी धरणारा सुटतो आणि दोरीला बांधलेला शिक्षा भोगतो, तेव्हा गप्प बसणारा आपल्यावरच्या पुढच्या अन्यायाला स्वतःच संमती देतो.