टायरची हवा

टायर बोलायचे, तेव्हाची गोष्ट. खोटी वाटली तर जीपला विचारा.

चिखलासाठी खास निवडून आणलेला, खोल खाचांचा नवा टायर जीपला बसवला. गावभर त्याचीच हवा! मागे लटकलेल्या स्टेपनीला तो म्हणे, "मावशी, झिजून पार गोटा झालात की!"

एकदा बाळंतपणाला निघालेल्या चांगुणाला घेऊन जीप चिखलात रुतली. टणटणीत फुगलेला टायर जागीच गरगरत राहिला.

"बाळा, थोडी हवा सोड," स्टेपनी म्हणाली. "पसरलास की पकड बसेल."

"लोक म्हणतील, याची हवा गेली!"

"म्हणू देत. आत चांगुणा कण्हतेय, ऐक."

टायरने ऐकलं. मग हळूच फुस्स केलं, आणि जीप निघाली.

दवाखान्यात मुलगी झाली. पंपवाला हवा भरायला आला, तेव्हा टायर कुजबुजला, "थांब रे. बाळ झोपलंय."