बुधाजीचा बेहडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या आजीलाही ते सांगता आलं नव्हतं, आणि तिला बाकी सगळं सांगता यायचं. तेव्हा आपल्या पायरवाडीत नऊच घरं होती, आणि मागच्या पडवीतून पाय बाहेर टाकला की रान सुरू. त्यांतलं शेवटचं घर बुधाजीचं.

बुधाजी झाडपाल्याचं औषध द्यायचा. मोडलेलं हाड बांधावं तर त्यानंच. कुठली मुळी कुठल्या वारी उपटायची, कुठली साल सावलीत वाळवायची, सगळं त्याला तोंडपाठ. असं म्हणतात की तो वाटेनं निघाला की झाडं आपणहून फांद्या खाली करायची. आता करायची की नाही देव जाणे. मी सांगतेय ते ऐका.

त्या रानात गरुड होते. शहरातली शिकलेली माणसं त्याला धनेश म्हणतात. म्हणोत बापडी, आपल्याकडे तो गरुडच. हा एवढा थोरला पक्षी, पिवळीधमक चोच, आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवलेली. तो डोक्यावरून गेला की पंखांचा घूं घूं आवाज येतो, रिकामं सूप जोरात हलवल्यासारखा.

या गरुडाचं तेल काढायची रीत बुधाजीच्या बापापासूनची. बाळंतिणीचे सांधे धरले की ते चोळायचं. पण बापानं एक नियम घालून दिला होता. माघ लागला की वैशाख संपेपर्यंत गरुडाला हात लावायचा नाही. का, ते बाप सांगून गेला नाही, आणि बुधाजीनंही विचारलं नाही. आपण तरी कुठे विचारतो?

त्या वर्षी फाल्गुनात बुधाजीची बायको आवडू बाळंत झाली. मूल दोन दिवस जगलं. आवडू उरली, पण तिचे गुडघे असे धरले की तिला कुशीवर वळता येईना. अंधारी खोली, दाराला घोंगडी, आत शेगडीचा धूर. ती कण्हायचीसुद्धा नाही, नुसती ओठ दाबून पडायची. बुधाजीला तेच सोसेना. अख्ख्या मुलखाला औषध देणारा माणूस, आणि घरात हात बांधलेले. शेवटी त्यानं शेजारच्या गावातून ठासणीची बंदूक मागून आणली, आणि भर फाल्गुनात सकाळच्या उन्हात एक नर पाडला.

अंगणात बसून त्यानं पक्षी चिरायला घेतला. आधी गळा हाताला लागला. टम्म फुगलेला. चिरला, तर आतून नांदुर्कीची फळं घरंगळली, चांगली एकोणीस. एकही चिरडलेलं नाही, एकालाही चोचीचा डाग नाही. बुधाजी बघतच राहिला.

आतून आवडूनं विचारलं, "काय सापडलं हो?"

त्यानं ओंजळीत फळं घेतली आणि घोंगडी सारून तिला दाखवली. तिनं एक फळ उचलून बोटांत फिरवलं.

"ही काय त्यानं स्वतःला घेतली नव्हती," ती म्हणाली. "कुणाकडे घेऊन चालला होता?"

तेव्हा बुधाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, वाडीतल्या पोराटोरांनी पाहिलेली गोष्ट होती ती! माघात गरुडीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. बोटभर फट तेवढी ठेवते. आत अंडं, मग पिल्लू. तिची पिसंही झडतात, बाहेर यावं म्हटलं तरी उडता येत नाही. नर आणून भरवेल तेवढंच तिचं अन्न. सगळ्यांनी पाहिलं होतं, पण बापाच्या नियमाशी त्याची गाठ कुणी घातली नव्हती.

"ते तेल माझ्या अंगाला लावायचं नाही," आवडू म्हणाली. "एक थेंब नाही. ती माझ्यासारखीच अंधारात बसली असेल, कान लावून. आधी तिला द्या, मग घरी या."

"आणि तुझे गुडघे?"

"माझ्या गुडघ्यांचं मी बघते. तुम्ही तिच्या दाराशी जा."

बुधाजी गेला. पण झाड कुठलं? दीड दिवस तो रान तुडवत हिंडला. मग एका जुन्या बेहड्याखाली त्याला बियांचा ढीग दिसला. नांदुर्की, रानजायफळ, धूप, काय नव्हतं त्यात! काहींना मोडही फुटलेले. त्यानं वर पाहिलं. ढोलीला लिंपण होतं आणि लिंपणात फट होती.

तो चढला, फळ फटीशी धरलं. आत हालचाल नाही. "घे गं बाई," तो म्हणाला, "चुकलं माझं." चोच काही बाहेर आली नाही. संध्याकाळपर्यंत तो फांदीवर बसून विनवत राहिला आणि मग तोंड पाडून घरी आला.

आवडूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या बोलण्याला ती का भुलेल? ती पंखांची वाट बघतेय." आणि तिनं झोपल्या जागेवरून भिंतीकडे बोट केलं. भिंतीला सूप टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी बेहड्याच्या फांदीवर उभा राहिला आणि त्यानं सूप हलवलं. घूं. घूं. घूं. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. त्यानं एकेक फळ त्या चोचीत ठेवलं, आणि फळ ठेवता ठेवता रडला. रडायलाच हवं होतं त्यानं, माझं विचाराल तर.

पण आठ दिवसांत नांदुर्की संपली. आता कुठलं झाड पिकलंय, ते कुणाला ठाऊक? ते त्या नराला ठाऊक होतं. बुधाजीनं आयुष्यभर रान पाहिलं ते खाली बघून, मुळ्यांपुरतं. आता तो वर बघायला लागला. हरियालांचा थवा कुठे उतरतो, तिकडे धावायचा, तर तिथे वड पिकलेला असायचा. शेकरू अर्धवट खाऊन फळं कुठे टाकते, वानरं सकाळी कुठल्या अंगाला ओरडतात, त्यावरून तो झाडं शोधायचा. तीन डोंगर चालून जायचा नि तीन डोंगर परत. असं म्हणतात की पुढेपुढे हरियालच त्याला हाक मारायचे. त्याच्या झोळीला एक भोक होतं आणि वाटभर फळं सांडायची. ते शिवायला त्याला सवड झाली नाही.

घरी आवडू निर्गुडीचा पाला स्वतःच गरम करून शेकायची. आधी बसती झाली, मग सरपटत उंबऱ्यापर्यंत यायला लागली. संध्याकाळी बुधाजी दिसला की विचारायची, "घेतलं तिनं?" तो हो म्हणाला की मगच ती जेवायची.

वैशाखात गरुडिणीनं लिंपण फोडलं. नवी पिसं, मागे पिल्लू. बुधाजीला वाटलं, फिटलं! त्यानं आनंदानं सूप हलवलं. ती उडून जवळच्या फांदीवर आली. तिनं त्याच्या मागे पाहिलं. वर आभाळात पाहिलं. मग सुपाकडे पाहिलं, आणि तिनं हाक मारली. दरी भरून राहिली ती हाक. पण उत्तर कोण देणार?

पिल्लू उडून गेलं. ती गेली नाही. पावसाळा आला नि गेला, ती आपली रोज सकाळी बेहड्यावर येऊन कान लावून बसायची. बुधाजीही रोज जायचा. सुपानं आवाज आणता येतो, नर आणता येत नाही, हे त्याला आतून खात होतं. आणि माघ लागल्यावर एके दिवशी तो धापा टाकत घरी आला.

"ती परत आत गेली गं," तो म्हणाला. "लिंपायला लागलीय. एकटी! कुणाच्या भरवशावर?"

आवडू काठी धरून दारात उभी होती. तिला उमगलं होतं, असं म्हणतात. मग तिनं सूप काढून त्याच्या हातात दिलं.

"आधी तिला द्या," ती म्हणाली. "मग घरी या."

त्या संध्याकाळी बुधाजी आला नाही. दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं बेहड्यापाशी गेली. सूप फांदीला टांगलेलं होतं. ढोलीचं दार लिंपलेलं होतं, आणि फटीच्या कडेला नांदुर्कीचा ताजा रस लागलेला. माणसं वर तोंड करून उभी होती तेवढ्यात डोक्यावरून घूं घूं करत एक नर आला, गळा टम्म भरलेला. तो माणसांना भ्याला नाही. त्यांच्यादेखत त्यानं तिला भरवलं.

आवडूला कुणी सांगावं लागलं नाही. तो आवाज घरावरून गेला तेव्हा ती अंगणात होती. त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली आणि माघ ते वैशाख रोज त्या आवाजाला तेच सांगत राहिली. तिच्या सांगण्यातलं पहिलं अर्धं बुधाजीनं पाळलं. दुसऱ्या अर्ध्याची तिनं वाट पाहिली.

बेहडा अजून आहे. त्याच्या वाटेला दोन्ही अंगांनी नांदुर्की नि रानजायफळांची झाडं उभी आहेत, ती झोळीच्या भोकातून पडलेली. ढोली असलेल्या झाडाला आपल्याकडे कुऱ्हाड लागत नाही. गरुडाचं तेल तर कुणी नावालाही काढत नाही. घरात बाई बाळंत झाली की नवरा रानफळं घेऊन बेहड्याशी जातो, तीनदा सूप हलवतो, फळं ठेवतो आणि तसाच उपाशी परततो. मग तिच्या पंगतीला बसून जेवतो.

आणि गरुड घरावरून गेला की पायरवाडीतली बाई हातातलं काम थांबवते. काल संध्याकाळी सून भात पाखडत होती. वरून घूं घूं आवाज गेला, तशी तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आधी तिला द्या, मग घरी या." मीही म्हटलं. आमच्या ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. पहिलं अर्धं मी सगळ्यांसारखंच म्हणते, दुसरं मात्र जरा मोठ्यानं.