खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

फार वर्षांपूर्वी आमच्या पेठेत बंदुकांचं दुकान होतं. सराफाचा माल घाटातून नेणारे रंगनाथराव खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिथे आले. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनीच घेतं! त्यांनी जुनं, काळवंडलेलं रिव्हॉल्व्हर बाजूला सारून नवं चकचकीत उचललं.

नवं घाबरून कुजबुजलं, "आजोबा, माझं चक्र अडकतं हो! घाटात दरोडेखोर आले तर यांचा जीव जाईल."

"मग इथंच अडक की, पोरा," जुनं म्हणालं.

रंगनाथरावांनी रिकामाच चाप ओढला. चक्र अडकलं.

"नवं आहे, रावसाहेब. वापरात सुटेल," दुकानदार हसला.

"असू दे. उद्या पूजेत चारचौघांत झळकलं पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी त्याला झेंडू वाहून रंगनाथरावांनी ते कमरेला खोचलं आणि घोडं घाटाकडे वळवलं.